रिकाम्या खुर्चीकडे जाणारा कॅमेरा

१

पडद्यावरून एक माणूस नाहीसा झाला होता, आणि कॅमेरा मात्र अजूनही त्याच्याचकडे निघालेला होता.

आधी एक तरुण स्त्री दिसली. खिडकीपाशी उभी, हातात अर्धवट विणलेला स्वेटर, ओठांवर कुणी नुकतेच चिडवल्याचे हसू. कॅमेरा तिच्यापाशी क्षणभर रेंगाळला, मग तिला सोडून सावकाश डावीकडे सरकला. एका वेताच्या खुर्चीजवळ आला, आणखी जवळ गेला आणि थांबला. खुर्ची रिकामी होती. जिथे चेहरा असायला हवा तिथे भिंतीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता, आणि कॅमेरा त्या तुकड्याकडे असा निरखून पाहत होता, जणू तो आता बोलेल.

मागे मंद पियानो वाजत होता. दुसरा फोटो आला: घराच्या पायऱ्या, मांडीवर मूल घेऊन बसलेली तीच स्त्री. कॅमेरा पुन्हा तिला सोडून शेजारच्या मोकळ्या पायरीवर जाऊन थांबला. मग तळ्याकाठचे बाक. मग फाटकाचा खांब, ज्याला कुणीही टेकून उभे नव्हते. प्रत्येक वेळी तीच सौम्य, आज्ञाधारक चाल, आणि चालीच्या शेवटी कुणीच नाही.

"पाहिलंत ना, बाई?" शेजारी बसलेली मुलगी म्हणाली. "तिथे बाबा होते. या सगळ्या फोटोंत होते. पुढचं मला बघवत नाही." तिने शो बंद केला.

मी वाचनालयाच्या वरच्या खोलीत निवृत्त माणसांना घरातल्या फोटोंचे स्लाइड-शो करायला शिकवते. ती येतात ती बुटांच्या खोक्यांत कोंबलेली आयुष्ये घेऊन, आणि माउस हातात धरताना पाखरू धरल्यासारखी घाबरतात. एकट्या माणसांचा वर्ग आहे तो. शिकवणारीही त्याला अपवाद नाही.

या मुलीचे वडील माझे विद्यार्थी; आता मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच कॉम्प्युटरपुढे बसले होते. उभी हयात कचेरीत नकाशे काढण्यात गेलेले आरेखक. वर्गातले सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. त्यांच्या पत्नीची स्मृती एखाद्या विणीसारखी उसवत चालली होती. हे घर आपले, ही मुले आपली, हे तिला रोज सकाळी नव्याने पाहता यावे, एवढ्यासाठी ते शो करायला शिकले. प्रत्येक फोटोवर कॅमेरा, म्हणजे शोची सरकती नजर, कुठून निघेल आणि कुठे पोचेल, हे त्यांनी पट्टी धरून आखावे तसे आखले होते. मागच्या हिवाळ्यात ते गेले. शो मागे राहिला.

"दादानंच केलंय हे," मुलगी म्हणाली.

"कशावरून?"

"कॉम्प्युटरचं काम घरात दुसरं कोणाला येतं? आईला एखाद्या वृद्धनिवासात ठेवा म्हणाला होता तो. बाबांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. आणि बाबा गेल्यावर एकदा आला, तो या खोलीचं दार लावून बसला. एकटाच. काय करत होतास म्हटलं, तर म्हणे काही नाही." तिने डोळ्यांच्या कडा कोरड्या केल्या, रागाने, जणू त्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या. "आईकडे बाबा एवढेच उरले होते, बाई. तेही त्यानं खरडून काढले. उद्या येतोय तो. तुम्ही फक्त सांगा की हे त्याचंच काम आहे. मी आईला माझ्या गावी नेईन, घराला कुलूप लावीन, आणि जन्मात त्याचं तोंड बघणार नाही."

मला तिची घाई समजत होती. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून राग जिवंतांमध्ये जागा शोधत फिरतो.

मी शो पुन्हा सुरुवातीपासून लावला. खिडकी, स्वेटर, हसू. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात धुळीचा एक कण चिकटला होता. मी रुमालाने तो पुसला. गेला नाही. पुन्हा पुसला. तेवढ्यात कॅमेरा डावीकडे सरकू लागला, आणि तो कणही फोटोबरोबर सरकत पडद्याबाहेर निघून गेला.

काचेवरची धूळ फोटोबरोबर चालत नसते. तो कण फोटोच्या आत होता.

२

नकाशेकाकांच्या पत्नीला सांभाळायला ठेवलेल्या सिस्टर स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहून गोळ्यांच्या डबीचे खण भरत होत्या. पलीकडच्या खोलीत काकू झोपल्या होत्या. दाराच्या फटीतून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"शोमधून काका गेले, हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?" मी विचारले.

"लेकीच्या लक्षात यायच्या कितीतरी आधी."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं?" त्यांनी डबीचे झाकण लावले. "लेक महिन्यातून एकदा येते, ती माझ्यावर डोळे वटारते. थोरले चिरंजीव फोन करतात, ते पैसे पोचले का विचारतात. तुम्ही पहिल्या, शो कसा चाललाय म्हणून विचारणाऱ्या."

"काका गेल्यानंतरही ते शोमध्ये दिसत होते?"

"दिसत होते तर. तोच तर त्रास होता." त्या स्टुलावर बसल्या, आणि त्यांचा आवाज एकाएकी थकला. "तुम्ही एकदा करून बघा, बाई. सकाळी शो लावायचा. काकू बघणार, पोरं ओळखणार, घर ओळखणार, खूश होणार. मग ते खुर्चीतले काका यायचे. की यांनी मान वळवायची आणि विचारायचं, 'हे कुठे गेले?' काय सांगणार? पहिले काही दिवस मी खरं सांगितलं. ऐकायच्या ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. रोज सकाळी नव्यानं विधवा व्हायच्या हो त्या. जेवण नाही, पाणी नाही. दुपारी विसरायच्या. सकाळ झाली की परत मी आपली ते बटण दाबायला हजर."

"खोटं सांगून बघायचं."

"सांगितलं की. बाहेर गेलेत म्हटलं. तर दारात जाऊन उभ्या. थंडीत, अनवाणी."

"मग शो लावायचाच नाही."

"नाही लावला तर घाबरतात. हे कोणाचं घर आहे, मला माझ्या घरी सोडा, म्हणतात. काकांनी ते औषध केलंय, बाई, पण त्यात त्यांचाच काटा राहिला होता." त्या थांबल्या. "मग एका सकाळी तो काटा नव्हता. मला वाटलं, यंत्र बिघडलं. शपथेवर सांगते, बिघडलं ते बरं झालं."

"आता विचारत नाहीत?"

"नाही. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात. हसतात. कधी हातानं केस सारखे करतात. पण विचारत नाहीत."

"सिस्टर, म्हणजे त्यांना पुसून टाकायचं कारण तुमच्याकडे होतं."

त्या रागावतील असे मला वाटले होते. त्या हसल्या. "कारण होतं, अक्कल नव्हती. मला त्या यंत्राचं एकच बटण कळतं. तेही काकांनी त्यावर लाल कागद चिकटवून ठेवलाय म्हणून."

मी उठले. दारापाशी पोचल्यावर मला विचारायचा राहिलेला प्रश्न आठवला.

"ती सकाळ नेमकी केव्हाची?"

सिस्टरांनी पलीकडच्या दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "थोरले आले होते ना, दार लावून बसले होते? त्याच्या दुसऱ्या दिवशीची."

३

स्लाइड-शोच्या फाइलमध्ये एकही फोटो नसतो. हे वर्गात सांगितले की सगळे माझ्याकडे संशयाने पाहतात. असतात त्या फक्त सूचना: अमुक जागी ठेवलेला अमुक नावाचा फोटो घे, इतका वेळ दाखव, कॅमेरा इथून तिथे ने. फोटो दुसरीकडे राहतात, आणि शो दर वेळी त्यांच्या दारी जाऊन त्यांना बोलावून आणतो. दारात दुसरेच कुणी त्या नावाने उभे असेल, तर तो त्यालाही घेऊन येतो. त्याला चेहरे ओळखता येत नाहीत. तो पत्ता आणि नाव ओळखतो.

म्हणूनच कॅमेरा रिकाम्या खुर्चीकडे जात होता. सूचना नकाशेकाकांच्या, त्यांच्याच चेहऱ्यावर नेम धरलेल्या. फोटो मात्र मागाहून बदललेले, जुन्याच नावांचे. कुणी बदलले एवढेच काय ते उरले होते.

मी खिडकीचा फोटो उघडून मोठा करत गेले. काम थक्क करणारे होते. माणूस पुसताना नवशिके त्याची सावली विसरतात. इथे सावलीही गेली होती. आणि खुर्ची ओढूनताणून रंगवलेली नव्हती, खरी होती. वेताची प्रत्येक पट्टी दुसरीच्या खालून नीट गेलेली. मग मी कोपऱ्यातला तो कण मोठा केला. तो कण नव्हता. तो एक त्रिकोण होता, सुईच्या टोकाने काढावा इतका लहान, तिन्ही बाजू काटेकोर सारख्या. पायऱ्यांच्या फोटोत तो होता, बाकाच्या फोटोत होता, फाटकाच्या फोटोतही. कुणीतरी आपल्या गुन्ह्यावर सही केली होती, आणि मला ती वाचता येत नव्हती.

फोटोची छापील प्रत घेऊन मी रस्त्याच्या टोकाच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाले नकाशेकाकांचे बालमित्र. घरातले जुने फोटो त्यांनीच स्कॅन करून दिले होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. पासपोर्ट फोटोंसाठी टांगलेल्या निळ्या पडद्यासमोर ते स्वतःच बसले होते, आपलाच फोटो कुणी काढील अशी वाट पाहत असल्यासारखे.

"मी पुसला म्हणता?" ते म्हणाले. "अहो, मला गालावरचा फोड पुसता येतो. अख्खा माणूस पुसता आला असता तर आधी माझ्या घरमालकाला पुसलं असतं."

"मग हे बघून सांगा, काय दिसतं?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि प्रत नाकाशी धरली.

"गंमत आहे," ते शेवटी म्हणाले. "हा फोटो मीच काढलाय. नवंनवं लग्न झालं होतं त्यांचं. तेव्हा या खुर्चीची बैठक सुतळीची होती. मला पक्कं आठवतं, कारण तो बसला की ती करकरायची आणि वहिनी हसायच्या. या फोटोत हसतायत ना, त्या त्यालाच हसतायत."

"आणि इथे वेत आहे."

"वेत मागच्या उन्हाळ्यात विणून घेतला त्यानं. तेव्हाच तर माझा स्टँड नेला होता. कॅमेऱ्याचा, तीन पायांचा. रोज येऊन विचारायचा, त्या फोटोच्या वेळी तू कुठे उभा होतास, किती उंचीवर होतास. शेवटी मी घरी जाऊन बघितलं, तर हा आपला रिकाम्या खुर्चीचे फोटो काढतोय. मग रिकाम्या पायरीचे. फाटकाच्या खांबाचे. म्हटलं, लेका, म्हातारपणी कवी झालास की काय. बस की खुर्चीत, मी काढतो. तर म्हणाला, नको, रिकामीच हवी. दुरुस्तीला लागते."

"काय दुरुस्तीला?"

"तेच मी विचारलं. हसला, आणि स्टँडचे पाय मिटायला लागला." स्टुडिओवाल्यांनी प्रत माझ्या हातात परत दिली. "फार वाईट दिसत होता हो तो एकटा. त्या रिकाम्या खुर्चीसमोर, त्या स्टँडपाशी."

मी रस्त्यावर आले. संध्याकाळ दुकानांच्या काचांवरून उतरत होती आणि प्रत्येक काचेत माझ्यासारखी एक बाई माझ्याबरोबर चालत होती. खुर्चीचा तुकडा मागच्या उन्हाळ्यातला, काकांच्या स्वतःच्या हातचा. फोटो बदलले मात्र हिवाळ्यानंतर, काका गेल्यावर. सिस्टरांनी त्यांना त्यानंतरही पडद्यावर पाहिले होते.

मेलेला माणूस उठून आपल्याच घरी येतो आणि स्वतःला पुसून जातो, असे मी त्या मुलीला कसे सांगणार होते?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला आला. उंच, पाठीत किंचित वाकलेला, खांद्याला बॅग. ती त्याने बसल्यावरही उतरवली नाही.

"आलास?" बहीण म्हणाली. "बस. आरोपीसाठी वेगळी खुर्ची नाही आमच्याकडे."

"तू बोलावलंस म्हणून आलोय."

"आईसाठी नाही आलास. बरोबर."

"हे बघ, तुला भांडायचं असेल तर आपण बाहेर जाऊ. आई आत झोपलीय."

"तुला आईची झोप केव्हापासून कळायला लागली? निवासात कोण पाठवणार होतं तिला?"

"बाबांना दुसरा झटका आला असता तर तिला कोण बघणार होतं, ते विचारत होतो मी. तू ऐकून घेतलंस? त्यांनी घेतलं?"

मी त्यांच्यामधून उठून भिंतीपाशी गेले. तिथे काकांनी काढलेला एक नकाशा फ्रेम करून लावला होता. शाईच्या रेषा केसाइतक्या बारीक. नदी, तिचे फाटे, एक पूल. आणि उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, चौकटीच्या आत, एक त्रिकोण.

"हे काय आहे?" मी विचारले.

थोरल्याने मान वर केली. भांडणातून सुटका मिळाल्यासारखा तो जरा सैल झाला. "दुरुस्तीची खूण. तो पूल नंतर बांधला. आधीची रेषा ब्लेडनं खरवडायची, नवी काढायची, आणि कोपऱ्यात त्रिकोण टाकायचा. म्हणजे पुढे नकाशा हातात घेणाऱ्याला कळतं, की मूळचं इथे काहीतरी वेगळं होतं. त्रिकोण न टाकता नकाशा बदलणं म्हणजे खोटेपणा, म्हणायचे बाबा." तो ओझरता हसला. "सवयच होती. दाराला रंग दिला तरी खाली कोपऱ्यात त्रिकोण काढायचे. आई चिडायची."

बहिणीच्या चेहऱ्यावरूनही एक आठवण सरकून गेली. तिने ती लगेच मिटवली.

मला ती सही आता वाचता आली. पण सही वाचल्याने दार उघडत नव्हते. मी कॉम्प्युटरपाशी बसले आणि काल जे पाहायचे राहिले होते ते पाहिले: शो फोटो मागायला कोणत्या पत्त्यावर जातो. पत्ता याच कॉम्प्युटरमधला असेल असे मी गृहीत धरले होते. तो नव्हता. शो आधी एका वेगळ्या डिस्कच्या दारी जात होता, बाहेरून जोडायच्या डिस्कच्या. तिथे कुणी नाही असे पाहून मुकाट परत फिरत होता.

"तुम्ही त्या दिवशी दार लावून इथे बसलात," मी थोरल्याला म्हणाले. "या शोला हात लावलात?"

"नाही. हिला सांगितलंय मी. काही केलं नाही."

"एकही फोटो बदलला नाहीत?"

"मला तो शो बघवतसुद्धा नव्हता, बाई."

"मान्य. तुम्ही इथे काही ठेवलं नाहीत, काही बदललं नाहीत." मी टेबलाच्या कडेला बोट टेकवले. तिथे एका लहानशा चौकोनाभोवती धूळ साचली होती, आणि चौकोनात ती इतर जागेपेक्षा पातळ होती. "पण इथून काही नेलंत का?"

त्याचा हात खांद्यावरच्या बॅगेच्या पट्ट्याकडे गेला, आणि तिथेच घट्ट झाला.

५

डिस्क एका मफलरमध्ये गुंडाळलेली होती. मफलर काकांचा होता. मी तो वर्गात पाहिला होता.

"त्यांनीच दिली," थोरला बहिणीकडे न पाहता म्हणाला. "हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले माझ्याशी. म्हणाले, माझ्यानंतर ती टेबलावरची डिस्क तू घेऊन जा. तुझ्याकडेच ठेव. बाकी एक अक्षर नाही. मला वाटलं, त्यांनी मला... " त्याने मफलरचे टोक सरळ केले. "तुला सांगितलं असतं तर तू हिसकावून घेतली असतीस."

"काय आहे तिच्यात?"

"बाबा," तो म्हणाला. "सगळे फोटो, जसेच्या तसे. मी घरी एकटा बसून बघतो."

मग मी त्यांना सगळे सांगितले. माझ्या वर्गात एक नियम आहे, विद्यार्थी त्याला शेजाऱ्याकडची किल्ली म्हणतात. मूळ फोटो बाहेरच्या डिस्कवर ठेवा, पण त्यांची त्याच नावांची एकेक प्रत शोच्या शेजारच्या फोल्डरमध्येही ठेवा. डिस्क सापडली नाही तर शो तिथून फोटो घेतो आणि चालत राहतो. नकाशेकाकांनी नियम पाळला होता. फक्त शेजारच्या फोल्डरमध्ये प्रती ठेवल्या नव्हत्या, दुरुस्त्या ठेवल्या होत्या. मागच्या उन्हाळ्यात प्रत्येक जागी स्टँड लावून त्यांनी आपण नसलेले घर टिपले, आणि त्या तुकड्यांनी स्वतःला एकेका फोटोतून झाकत आणले. डिस्क जोडलेली असेपर्यंत ते पडद्यावर होते. डिस्क निघाली की जाणार होते.

"ती केव्हा निघावी, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं," मी म्हणाले, "आणि कोणाच्या हातानं, तेही. आपण गेल्यावर काकू रोज विचारणार, हे त्यांना ठाऊक होतं. दादांना त्यांनी चेहरा दिला. काकूंना चेहऱ्यापासून सुटका."

"आणि कोणाला सांगितलं नाही," मुलगी पुटपुटली.

"त्रिकोण टाकले होते."

ती खिडकीपाशी गेली. मग ती वळली, आणि तिचा आवाज हट्टी लहान मुलीचा होता. "मला नाही पटत. आईचा नवरा होते बाबा. तिला विसरायला लावायचा अधिकार त्यांनाही नव्हता. जोड ती डिस्क, दादा."

थोरल्याने माझ्याकडे पाहिले. मी टेबलापासून बाजूला झाले. ते घर माझे नव्हते. त्याने डिस्क जोडली. मुलीने लाल कागदाचे बटण दाबले.

खिडकी, स्वेटर, हसू. कॅमेरा डावीकडे निघाला, आणि या वेळी वाटेच्या शेवटी तो होता: सुतळीच्या खुर्चीत रेललेला एक किडकिडीत तरुण, ओठ दाबून धरलेले, आत्ताच काहीतरी वात्रट बोललेला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापाशी गेला आणि थांबला. इतके दिवस तो हेच शोधत होता. मुलीने तोंडावर हात ठेवला.

"आज लवकर लावलात का?"

दारात काकू उभ्या होत्या. मागे सिस्टर, त्यांना धरायला हात पुढे केलेल्या. काकूंनी लेकीकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, दोघांनाही ओळखल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. मग त्यांची नजर पडद्यावर गेली.

"अय्या," त्या म्हणाल्या. मान वळवून त्यांनी खोलीभर पाहिले, दाराआड पाहिले. "हे कुठे गेले?"

थोरल्याने पडद्याकडे पाहिले, मग बहिणीकडे.

"बाहेर गेलेत का? स्वेटर न घालताच?" आवाजात आता एक बारीक भेग होती. "दादा, अरे, बघ ना जरा. तू गप्प का? कोणीच का बोलत नाही?"

मुलीने हे कधी ऐकले नव्हते. महिन्यातून एकदा ती यायची, आणि दर वेळी सकाळ उलटून गेल्यावर पोचायची. ती आईकडे पाहत राहिली, आईच्या पायांकडे, जे अनवाणी होते आणि दाराच्या दिशेने वळू लागले होते. मग ती वाकली, टेबलाच्या कडेला हात नेला आणि आपल्या हाताने ती डिस्क काढली.

पडदा क्षणभर काळा झाला. तिने डिस्क मफलरमध्ये गुंडाळली आणि भावाच्या मांडीवर ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "मी येत जाईन बघायला." त्याने मान हलवली. एवढेच. पण ती त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकली आणि उठली नाही.

सिस्टरांनी काकूंना समोर बसवले. शो पुन्हा सुरू झाला. खिडकी, आणि उन्हाचा तुकडा. मोकळी पायरी. बाक. काकूंचा श्वास हळूहळू खाली बसला. खांबापाशी कॅमेरा थांबला तेव्हा त्यांनी कपाळावरची एक बट मागे सारली.

"पुढचं आपण दोघींनी पाहिलंच नाही," मी मुलीला हळूच म्हणाले.

आला तो शेवटचा फोटो. काकू साठीच्या, बागेत, डोळे उन्हाने मिटलेले. फोटो कुणी घाईत काढला असावा, कडेचा माणूस चौकटीबाहेरच राहिला होता. आत आला होता फक्त त्याचा हात, तिच्या डाव्या खांद्यावर टेकलेला, तर्जनीला शाईचा जुना डाग. कॅमेरा निघाला. तो कुठल्याही रिकाम्या जागेकडे गेला नाही. तो तिच्या खांद्याकडे गेला, आणि त्या हातापाशी थांबला. मी कोपऱ्यात पाहिले. त्रिकोण नव्हता. एवढ्या फोटोंमधून त्यांनी शोधून काढला होता एकच, ज्यात काहीही दुरुस्त करावे लागणार नव्हते.

काकूंनी काही विचारले नाही. त्यांनी फक्त डावा खांदा किंचित वर उचलला, जसे आपण कुणाच्या तळव्याला नीट टेकता यावे म्हणून उचलतो, आणि शो संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.